पाटीवरच्या रिकाम्या तारखा

छोट्या थिएटरच्या दारात एक पाटी असते. वर ठळक अक्षरांत 'आगामी कार्यक्रम', खाली पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा. येणारा-जाणारा तिच्यासमोर घटकाभर थांबतो, नाटकांची नावं वाचतो, कोणता शनिवार आपल्याला जमेल ते बघतो आणि पुढे जातो. थिएटर चालवणाऱ्याची नजर त्याच पाटीवर दुसरीकडे असते. तो दोन ओळींमधली कोरी जागा वाचतो. १४ तारखेला एक प्रयोग, २१ला दुसरा, आणि मधल्या सहा दिवसांपुढे काहीच लिहिलेलं नाही. लिहिलेल्या ओळी नीट पार पडणार की नाही, हे त्या न लिहिलेल्या दिवसांवर अवलंबून असतं.

इथे जे थिएटर डोळ्यांपुढे आहे, ते १२० खुर्च्यांचं. सहा मीटर रुंद, चार मीटर खोल रंगमंच, दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस उभा राहील एवढ्या विंगा, आणि नोकरी-शाळा सांभाळून संध्याकाळी येणारी माणसं. तालमीची वेगळी खोली नाही, सेट ठेवायला गोदाम नाही. तालीम, सेटची जुळवाजुळव, लाइट लावणं, प्रयोग, कार्यशाळा, सगळं त्या एकाच जागेत. अशा ठिकाणी रिकामा दिवस दिसला की कुणी ना कुणी म्हणतंच, "हॉल मोकळाच आहे, काहीतरी लावून टाकू या." हे वाक्य अगदी चांगल्या हेतूने आलेलं असतं. हंगामाचं सगळ्यात जास्त नुकसानही त्यानेच होतं.

तारखा ठरवताना प्रयोगापासून मागे मोजत यायचं. शनिवारी संध्याकाळी पहिला प्रयोग असेल तर शुक्रवारी रंगीत तालीम: कपडे, रंगभूषा, लाइट, संगीत सगळ्यांसकट, मध्ये न थांबता. गुरुवारी तांत्रिक तालीम. बुधवारी लाइट फोकस करायचे. मंगळवारी सेट उभा राहायला हवा, कारण भिंत कुठे येणार हे दिसल्याशिवाय लाइट कुठे रोखायचा ते ठरत नाही. लाइट फोकस करायला अंधार लागतो आणि सेट ठोकायला उजेड लागतो. ही दोन्ही कामं एकाच संध्याकाळी उरकू म्हटलं की दोन्ही अर्धवट राहतात. एका प्रयोगामागे असे पाच दिवस जातात. पाटीवर त्यातला एकच दिसतो.

वेळ कमी पडली की सगळ्यात आधी कात्री लागते ती तांत्रिक तालमीला. नटांना वाटतं, आपल्याला तर सगळं पाठ आहे. पण ही तालीम नटांसाठी नसतेच. दीड तासाच्या नाटकात प्रकाश आणि ध्वनी मिळून साठेक क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी करायचे बदल, सहज होतात. प्रत्येक क्यूला नटाला जागेवर उभं करायचं, आधीचं वाक्य म्हणून घ्यायचं, लाइट बदलायचा, बघायचा, तीव्रता कमीजास्त करायची, किती सेकंदांत बदलायचा ते ठरवायचं आणि पुन्हा एकदा करून बघायचं. क्यूमागे सरासरी पाच मिनिटं धरली तरी पाच तास झाले. संध्याकाळी सहाला सुरू केलं तर अकरा वाजतात, आणि यात कुणी चहा घेतलेला नाही. म्हणून क्यूच्या अलीकडची दोन वाक्यं आणि पलीकडचं एक, एवढंच घ्यायचं. मधले संवाद सरळ गाळायचे. ज्या प्रवेशात कपडे बदलून वीस सेकंदांत परत यायचं आहे तेवढाच पूर्ण वेगाने, खऱ्या बटणांसह, दोनदा तरी करून बघायचा. बटणांऐवजी वेल्क्रो लावायचं की नाही, हे तिथेच कळतं.

क्यू देण्याची शिस्त वरवर कोरडी वाटते, पण नाटकाचा श्वास तिच्यावर चालतो. रंगमंच व्यवस्थापक आधी 'क्यू तेवीस, स्टँडबाय' म्हणतो आणि लाइट किंवा ध्वनी चालवणारा प्रतिसाद देतो. मग ऐन क्षणी एकच शब्द: 'गो'. तो शब्द हेडसेटवर दुसऱ्या कुठल्याही वाक्यात वापरायचा नाही. 'गो म्हटल्यावर दाब' असं समजावून सांगतानाही नाही, कारण तयार बसलेलं बोट अर्थ ऐकत नाही, आवाज ऐकतं. आणि तालमीच्या शेवटी तेवीस आणि चोवीसच्या मध्ये नवा क्यू सुचला तर त्याला २३.५ म्हणायचं. पुढचे सगळे आकडे बदलायला घेतले की संहितेच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा आणि लाइट-बोर्डावरचे आकडे यांची फारकत होते, आणि ती थेट प्रयोगात उघडी पडते.

आता प्रश्न असा की तीन महिन्यांत आठ-दहा वेगवेगळे कार्यक्रम, प्रत्येकासाठी लाइट नव्याने टांगायचे तर आयुष्य शिडीवरच जाईल. त्याला उपाय म्हणजे सामाईक रचना: हंगामभर न हलवता ठेवायचे लाइट. रंगमंचाचे सहा भाग पाडायचे, पुढे तीन आणि मागे तीन. प्रत्येक भागावर समोरून दोन लाइट, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंशांवर, एक किंचित उबदार रंगाचा आणि एक थंड. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली ही पद्धत मांडली आणि छोट्या रंगमंचाला अजूनही तिच्याइतकी भरवशाची सुरुवात दुसरी सापडलेली नाही. समोरचे बारा झाले. मागून तीन, म्हणजे माणूस पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो. अखेरचे चार मोकळे ठेवायचे. येणाऱ्या प्रत्येक संस्थेला सांगायचं: हे पंधरा हलवायचे नाहीत, हे चार तुमचे, कुठेही रोखा. दरवाजातून येणारा उजेड, एकट्या खुर्चीवरचा गोल, जे हवं ते या चारांतून. कोणत्याही दिग्दर्शकाला चार कमीच वाटतात. पण त्या चारांत भागवायचं ठरवलं की नाटकात नेमका कोणता क्षण वेगळा दिसायला हवा, याचा विचार सुरू होतो.

४५ अंश कागदावर सोपे असतात, छताखाली अवघड. लाइटची दांडी ३.८ मीटर उंचीवर आहे आणि चेहरा १.६ मीटरवर, तर उरलेली उंची २.२ मीटर. म्हणजे दांडी नटाच्या पुढे २.२ मीटरवरच हवी. त्याहून लांब गेली की प्रकाश आडवा पडतो आणि नटाची सावली मागच्या भिंतीवर चढते. दांडी इतकी जवळ असली की प्रकाशाचा गोलही लहान होतो. लाइट ते चेहरा हे तिरकं अंतर ३.१ मीटर, ३६ अंशांत प्रकाश पसरवणाऱ्या लाइटचा गोल तिथे जेमतेम दोन मीटरचा. दोन मीटरचे तीन गोल शेजारी ठेवले की सहा मीटरची रुंदी कागदावर भरते, पण दोन गोलांच्या सांध्यात नट आला की चेहरा विझतो. ५० अंशांचा लाइट घेतला की गोल २.९ मीटरचा होतो, गोल एकमेकांवर चढतात आणि सांधा नाहीसा होतो. हे तपासायला यंत्र नको. एकाने चेहरा वर करून रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचं आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेतून त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. डोळे काळे पडले की तिथे थांबायचं.

जुने हॅलोजन आणि नवे एलईडी एकत्र असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. हॅलोजन मंद करत नेला की आपोआप तांबूस होत जातो, अगदी संध्याकाळसारखा. एलईडी मंद झाला तरी रंग तोच धरून बसतो, आणि स्वस्तातला असेल तर शेवटच्या थोड्या तीव्रतेत झटका देऊन विझतो. हळूहळू मावळणाऱ्या प्रवेशात एकाच नटाचा डावा गाल उबदार आणि उजवा निळसर, असं चित्र त्यातून तयार होतं. म्हणून मावळतीचे क्यू शक्यतो एकाच जातीच्या लाइटवर ठेवायचे. शिवाय एलईडीला पत्ते असतात. बोर्डाकडून लाइटना हुकूम पोहोचवणाऱ्या एका डीएमएक्स तारेवर ५१२ पत्ते मावतात. पाहुण्या संस्थेने एखाद्या लाइटचा पत्ता बदलला आणि तसाच सोडून गेली, की पुढच्या शनिवारी दोन लाइट एकाच हाकेला ओ देतात. प्रत्येक लाइटवर त्याचा पत्ता पांढऱ्या पट्टीवर लिहून चिकटवायचा आणि प्रयोगानंतर पट्टीशी ताडून बघायचा. वीस मिनिटांचं काम आहे. रिकाम्या दिवसात ते बसतं, गच्च दिवसात राहून जातं.

पाटीवर नाटकांच्या ओळींमध्ये 'विशेष कार्यक्रम' म्हणून काही असतं. अभिवाचन, मुलांसाठी दुपारचा प्रयोग, गाण्याची बैठक, प्रयोगानंतर कलाकारांशी गप्पा, २७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन. १९६२पासून हा दिवस साजरा होतो आणि दर वर्षी एखाद्या रंगकर्मीचा संदेश जगभर वाचला जातो. प्रयोगाआधी तो वाचायला काही मिनिटंच लागतात, म्हणून तो ज्याचा आवाज चांगला आहे अशा माणसाकडून, आधी दोनदा वाचून घेतलेला असावा. विशेष कार्यक्रमांबद्दलचा सर्वसाधारण समज असा की नाटकापेक्षा यांना कमी तयारी लागते. अनुभव नेमका उलटा आहे. नाटकाकडे निदान तालमीची सवय असते.

अभिवाचन घ्या. चार खुर्च्या, चार स्टँड, हातात कागद. एवढ्यावर तारीख दिली जाते आणि मंडळी प्रयोगाच्या तासभर आधी पोहोचतात. मग लक्षात येतं की पांढऱ्या कागदावर वरून पडलेला प्रकाश उलटून हनुवटीखाली येतो आणि सगळे चेहरे खालून उजळतात. स्टँड छातीच्या उंचीवर असेल तर मागच्या रांगेला वाचणाऱ्याचं तोंडच दिसत नाही. तो कमरेच्या जरा वर, किंचित तिरपा हवा. कागद पिवळसर किंवा राखाडी छटेचा, जाडसर, एकाच बाजूला छापलेला, न टाचलेला. पान उलटायचं नाही, सरकवायचं. उलटलेलं पान माइकमध्ये वादळासारखं ऐकू येतं. अक्षर सोळा पॉइंटचं, आणि पानाच्या शेवटी वाक्य तुटू द्यायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो वाचत नाहीये त्याने काय करायचं, हे ठरलेलं असावं. तीन जण आपापल्या कागदात बघत असताना चौथ्याचं वाचन प्रेक्षकाला ऐकवत नाही. रंगमंचावरचे तीन तास तरी अभिवाचनाला द्यायलाच हवेत.

गाण्याच्या बैठकीला खोलीशीच जमवून घ्यावं लागतं. १८९५मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह उघडलं आणि त्यातलं बोलणं कुणाला कळेना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच घेऊन, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, त्या एकेक वाढवत आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतल्या पृष्ठभागांच्या आवाज-शोषणाची बेरीज. आपला हॉल दहा बाय बारा मीटर आणि उंची पाच मीटर धरली तर घनफळ ६००. रिकाम्या खोलीचं शोषण ७० धरलं तर आवाज विरायला १.३८ सेकंद लागतात. शंभर माणसं बसली, प्रत्येकाने साधारण ०.४५ शोषलं, तर बेरीज ११५ होते आणि वेळ ०.८४ सेकंदांवर येतो. म्हणजे दुपारी रिकाम्या हॉलमध्ये गायकाला जो गोडवा मिळाला, तो संध्याकाळी प्रेक्षकांच्या कपड्यांत जिरून जातो. गायक बिचकतो, आवाज वाढवून मागतो, माइक शिट्टी मारतो. नाटकात याच्या उलट घडतं: रिकाम्या हॉलच्या तालमीत शब्द एकमेकांत मिसळतात म्हणून नट सावकाश बोलायला शिकतात, आणि भरलेल्या हॉलमध्ये तोच वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. तालमीच्या वेळी खुर्च्यांवर जुन्या सतरंज्या, पडदे पसरून ठेवले तरी फरक कानाला कळतो.

बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता देतो. १२० माणसं म्हणजे बारा किलोवॉटची शेगडीच. हॉल प्रेक्षक आत यायच्या तासभर आधी थंड करून ठेवायचा, कारण नंतर पंख्यांचा आवाज कुजबुजीचे संवाद गिळतो.

मुलांच्या प्रयोगासाठी पाऊण तास पुष्कळ झाला. पूर्ण काळोख करायचा नाही. प्रेक्षागृहातला उजेड मंद ठेवायचा. पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्या काढून सतरंजी अंथरली की लहान मुलांना दिसतं आणि मागच्या मोठ्यांच्या आड कुणी येत नाही. गोंगाट, अंधार किंवा गर्दी सहन न होणाऱ्या प्रेक्षकांसाठी सैल शिस्तीचा एक खास प्रयोग ठेवत असाल तर त्यालाही हेच लागू: उजेड पाव ते तृतीयांश, मोठे आवाज निम्मे, दार उघडं, हवं तेव्हा उठून बाहेर जायची आणि परत यायची मुभा, बाहेर शांत बसायला एक कोपरा. आठवडाभर आधी हॉलचे, दाराचे, रंगमंचाचे फोटो आणि नाटकात काय कधी घडतं याचं एक पान पालकांना पाठवायचं. यात हमखास विसरला जातो तो नट. प्रेक्षक बोलतील, फिरतील, हे त्याला आधी सांगितलेलं नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत त्याचा चेहरा कडक होतो, आणि ज्यांच्यासाठी प्रयोग ठेवला त्यांना आपण नकोसे आहोत असं वाटतं. हा अपराध भरून काढता येत नाही. त्यासाठी अर्धा तास नटांशी बोलणं, एवढंच लागतं.

प्रयोगानंतरच्या गप्पांचं गणित लहान आहे. 'पाच मिनिटांनी इथेच भेटू' असं जाहीर करायचं, म्हणजे ज्यांना जायचंय ते संकोच न करता जातात. तेवढ्यात नाटकाचा प्रकाश घालवून साधा पांढरा उजेड करायचा. शेवटच्या प्रवेशाच्या निळ्या अंधारात माणसं मोकळी होत नाहीत. पहिला प्रश्न कुणी विचारायचा हे ठरवून ठेवावं. वीस मिनिटांनी थांबायचं.

मुलांचा प्रयोग आणि संध्याकाळचं नाटक एकाच दिवशी असेल तर तो पाटीवर सगळ्यात भरगच्च आणि आकर्षक दिसणारा दिवस असतो. मिनिटांचा हिशेब असा. साडेतीनला मुलांचा प्रयोग संपतो. हॉल मोकळा होईपर्यंत तीन पन्नास. सेट काढायला चाळीस मिनिटं, साडेचार. संध्याकाळचा सेट आधीच तुकड्यांत जुळवून विंगेत उभा असेल तर पंचेचाळीस मिनिटं, सव्वापाच. पुसायला आणि वाळायला वीस. लाइट आणि ध्वनी तपासायला अर्धा तास, सहा पाच. नटांना रंगमंच मिळतो तो त्यानंतर, आणि सात वाजता दार उघडायचं आहे. या पंचावन्न मिनिटांतच एखादा मोडलेला पाय, न लागणारा माइक आणि उशिरा पोहोचलेला नट मावायला हवा. मुलांच्या नाटकात साबणाचे फुगे सोडले असतील तर त्यांचा चिकट थर फरशीवर बसतो, दिसत नाही, आणि संध्याकाळी धावत येणाऱ्या नटाचा पाय त्यावरून सरकतो. फुग्यांनंतर कोमट पाण्याने दोनदा पुसायचं, दुसऱ्यांदा स्वच्छ पाण्याने. चमकीचे तुकडे उधळले असतील तर ते झाडूला दाद देत नाहीत. काही लाइटच्या माथ्यावर जाऊन बसतात. रात्री, मरणाच्या प्रवेशात, गरम हवेने एखादा सुटतो आणि चमकत, गिरक्या घेत, अगदी सावकाश खाली येतो. १२० माणसं त्या तुकड्याकडे बघतात.

पुसताना एक गोष्ट मात्र पुसायची नसते. प्रत्येक नाटकाच्या खुर्च्या-टेबलांच्या जागा फरशीवर रंगीत चिकटपट्टीने खुणावलेल्या असतात. टेबलाच्या मागच्या दोन पायांना दोन काटकोनी खुणा, बास. चारही पायांना लावल्या की अंधारात कोणती पुढची ते कळत नाही. हंगामात चार नाटकं असतील तर चार रंग, आणि कोणता रंग कुणाचा याचा तक्ता विंगेत भिंतीवर. पट्टी बोटाच्या पेराएवढीच लांब, कडा नीट दाबलेल्या. एक कड सुटली की चपला तिला गोळा करत नेतात. हंगामाच्या मध्यावर त्या फरशीकडे वाकून बघितलं तर निळ्या खुर्चीच्या पोटात पिवळ्या पलंगाचा कोपरा असतो, त्यावरून लाल दाराची चौकट गेलेली असते. नाटक उतरलं की त्याच दिवशी त्याचा रंग सोलून काढायचा. राहून गेलेली एक जुनी खूण दुसऱ्या नाटकातल्या टेबलाला अर्धा मीटर सरकवते, आणि मग जो लाइट पत्रावर पडायचा तो रिकाम्या फरशीवर पडतो.

पाटीवर नाव-तारीख-वेळ यापलीकडे जे लिहायला हवं, ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. मध्यंतरासह एकूण कालावधी. कोणत्या वयापासून. धूर आहे का, मोठा आवाज आहे का, लुकलुकणारा प्रकाश आहे का. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप होणारा प्रकाश काहींना झटका आणू शकतो, तेव्हा तो शक्यतो वापरूच नये आणि वापरला तर बुकिंगच्या वेळीच सांगावं. उशिरा येणाऱ्याला कोणत्या प्रवेशानंतर आत सोडणार. चाकाच्या खुर्चीची जागा कुठे आहे आणि तिच्या शेजारी सोबत्याची खुर्ची आहे का. मध्यंतराचा हिशेबही इथेच करावा. तीन स्वच्छतागृहं, माणशी दीड मिनिट, तर पंधरा मिनिटांत तीस जण. १२० प्रेक्षकांपैकी निम्मे उठले तरी निम्म्यांची रांग तिसऱ्या घंटेला तशीच असते. म्हणून अशा थिएटरमध्ये ऐंशी मिनिटांपर्यंतचं नाटक विनामध्यंतर करावं, आणि त्याहून मोठं असेल तर मध्यंतर पंचवीस मिनिटांचं जाहीर करावं. पंधरा म्हणून तीस घेण्यापेक्षा ते सरळ आहे.

हाऊसफुल्लच्या दिवशी ऐन वेळी एक प्रश्न येतोच: आणखी दहा खुर्च्या टाकल्या तर? विशेष कार्यक्रम आहे, माणसं लांबून आली आहेत, परत पाठवायची कशी? ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये सुट्टीचा दुपारचा खेळ होता. थिएटर नवंकोरं, जेमतेम महिनाभर चाललेलं, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं, त्यांत कितीतरी मुलं. आर्क लाइटच्या ठिणगीने पडदा पेटला, आगरोधक पडदा खाली येताना अडकला, बाहेर पडायची काही दारं कुलूपबंद होती आणि काही पडद्यांमागे लपलेली. सहाशेहून अधिक लोक गेले. आत अंधारातही आडव्या दांड्यावर शरीर टेकलं की उघडणारं दार आज आपल्याला साधं वाटतं, ते त्या दुपारनंतर रूढ होत गेलं. खुर्च्यांमधली वाट ही शिल्लक राहिलेली जागा नसते. तिचं काम ठरलेलं आहे आणि ते ती मोकळी असेपर्यंतच होतं. दहा खुर्च्यांऐवजी प्रतीक्षायादी ठेवावी, सहा जागा शेवटपर्यंत राखून ठेवाव्यात, आणि दार बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी त्या यादीप्रमाणे द्याव्यात. विनामूल्य कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी बरेच जण येत नाहीत, तेव्हा तिथे ही यादी हमखास पुढे सरकते.

आणि मग तो रिकामा दिवस. पाटीवर कोरा, पण आत दिवे लागलेले. प्रत्येक लाइटची सुरक्षा-साखळी ओढून बघायची. लाइट निसटला तर तो तिच्यावर लटकला पाहिजे. हॅलोजनचा दिवा बदलताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून तिथेच काच फुगते. लेव्हलवर, म्हणजे सेटमधल्या उंच चौथऱ्यावर, उड्या मारून बघायचं आणि करकरणारा बोल्ट आवळायचा. काळ्या पडद्यांची धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढायची, पाण्याने कधीही नाही, कारण पुष्कळशा सुती पडद्यांना आग पकडू नये म्हणून दिलेले क्षार पाण्यात निघून जातात आणि पडदा दिसायला स्वच्छ, पण पेटायला तयार होतो. हेडसेटच्या बॅटऱ्या, पायऱ्यांच्या कडेची चमकती पट्टी, विंगेतला निळा दिवा. सगळं झालं की रंगमंचाच्या मधोमध स्टँडवर एक उघडा बल्ब लावून ठेवायचा, म्हणजे उद्या सकाळी सगळ्यात आधी येणारा माणूस अंधारात रंगमंचाच्या कडेवरून खाली पडणार नाही.

त्या उजेडात फरशीवरचे चार रंग दिसत असतात. ऑफिसात फोन वाजतो, पलीकडून कुणीतरी विचारतं, पाटीवर पुढचा मंगळवार मोकळा दिसतोय, मिळेल का?

"नाही हो, मंगळवारी सेट लागतोय."